ताप, खोकला आणि लुळा पडलेला हात

छातीचा सीटी काढताना पेशंटला आम्ही दोन्ही हात डोक्याच्या वर घ्यायला लावतो. हात अंगालगत राहिले तर हाडांच्या रेघा फोटोत उमटतात आणि फुप्फुस स्वच्छ दिसत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, काचेमागे बसून माइकवरून मी दिवसभर एवढंच बोलत होतो. हात वर घ्या, श्वास आत घ्या, धरून ठेवा. मिरजेत तेव्हा सीटीच्या दाराबाहेर माणसं पायऱ्यांवर बसलेली असायची. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलीकडून कर्नाटकातलं अथणी, रायबाग. ज्याच्या त्याच्या हातात एचआरसीटीची, म्हणजे छातीच्या बारीक सीटीची चिठ्ठी.

त्या गर्दीत एका दुपारी जतकडचे एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आसपास. चार-पाच दिवसांचा ताप, ऑक्सिजन ९२-९३. मुलाच्या खांद्यावर भार टाकून, पाय ओढत आले. त्या दिवसांत निम्मे पेशंट असेच यायचे, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. टेबलावर झोपवलं आणि हात वर घ्या म्हटलं. उजवा हात सरळ वर गेला. डावा थोडा उचलला आणि बाजूला घसरून पडला. परत सांगितलं, परत तेच. मी आत गेलो, खांदा दुखतोय का विचारलं. ते काहीतरी बोलले, पण शब्द तोंडातच घोळत होते. मास्क जरा खाली घ्या म्हटलं. डावीकडचा ओठ लोंबलेला होता, कोपऱ्यातून लाळ येत होती. घरात, गाडीत, ओपीडीत, सगळीकडे ते मास्क लावून होते. मास्कने ते वाकडं तोंड झाकून ठेवलं होतं.

बाहेर येऊन त्यांच्या बायकोला विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, "काल रातीपासनं हात जड झालाय म्हणत्यात. ताप हाय नव्हं, पार गळाठलेत बघा."

तापात अंग गळतं, हात जड होतात, बोलायला नको वाटतं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे त्या बाईंचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तापाने माणूस गळतो तेव्हा दोन्ही बाजूंनी गळतो. एकच हात, एकच पाय, तोंडाची एकच बाजू गेली तर तो अशक्तपणा नसतो, तो स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका किंवा लकवा समजायचा. ही एक गोष्ट सर्दी-तापाच्या दिवसांत घराघरात माहीत असावी, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

त्याच टेबलावर, त्याच वेळी, डोक्याचा साधा सीटी काढला. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम मॉनिटरसमोर उभ्याच होत्या. रक्तस्राव नव्हता. पण मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा भाग काळपट पडायला लागला होता. साध्या सीटीत असा भाग ठळक दिसतो तेव्हा आत बरेच तास उलटून गेलेले असतात. न्यूरोच्या सरांनी पहिला प्रश्न विचारला तो तापाचा नव्हता, ऑक्सिजनचाही नव्हता. "शेवटचे धडधाकट कधी होते?" उत्तर आलं, आदल्या रात्री जेवताना, नऊच्या सुमारास. आणि आता दुपारचे दोन वाजले होते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा भाग उपाशी पडतो. जेफ्री सेव्हर या न्यूरॉलॉजिस्टनी २००६ साली हिशोब मांडला होता की मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, अल्टेप्लेज. अमेरिकेतल्या १९९५ च्या चाचणीत ते पहिल्या तीन तासांत दिलं होतं आणि तीन महिन्यांनी धड हिंडू-फिरू शकणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, तिला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. २०१५ मध्ये तिचा फायदा एकामागोमाग एक चाचण्यांनी सिद्ध केला, आणि २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये ती २४ तासांपर्यंत करतात. निवडक म्हणजे, मेंदूचा वाचवण्यासारखा भाग अजून शिल्लक असेल तर.

त्या गृहस्थांना सतरा तास झाले होते. इंजेक्शनची वेळ रात्रीच संपली होती, आणि तार घालावी असं मेंदूत फारसं काही उरलं नव्हतं. ते वाचले. आज काठी घेऊन चालतात. डावा हात खिशात ठेवतात, तो परत कामाला आला नाही. जत ते मिरज हा दोन तासांचा रस्ता आहे. रात्री नऊ-दहाला निघाले असते तर बारापर्यंत माझ्यासमोर टेबलावर असते.

व्हायरस तर फुप्फुसात गेला होता, मग मेंदूत गुठळी कशी झाली, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. रक्तवाहिनीला आतून गुळगुळीत अस्तर असतं आणि त्यामुळे रक्त चिकटत नाही. जोराचं इन्फेक्शन झालं की या अस्तराला सूज येते, रक्त गोठवणारे घटक वाढतात, प्लेटलेट चिकट होतात. डी-डायमर या रक्ततपासणीचं नाव तेव्हा गावोगाव पाठ झालं होतं, तो याच गडबडीचा मागमूस. त्यात पेशंट पाणी कमी पितो, ऑक्सिजन खाली असतो, काहींचे हृदयाचे ठोके अनियमित होऊन हृदयातच गुठळ्या तयार होतात. आधीपासून बीपी, शुगर, तंबाखू असेल तर वाहिनी अरुंद झालेलीच असते. तिच्यावर हे सगळं एकदम येऊन पडतं.

हे फक्त कोविडमध्येच होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये लियाम स्मीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासून २००४ मध्ये दाखवलं होतं की श्वसनमार्गाचं जोराचं इन्फेक्शन झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत स्ट्रोकचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या तिप्पट होतो आणि पुढच्या आठवड्यांत हळूहळू उतरतो. त्याच अभ्यासात फ्लूच्या लशीनंतर असा धोका वाढलेला दिसला नाही. लस घेऊन उलट लकवा मारतो म्हणणारे मला आजही भेटतात, त्यांना मी हेच सांगतो.

कोविडने मात्र हे प्रमाण डोळ्यांवर आणलं. २३ मार्च ते ७ एप्रिल २०२०, या जेमतेम दोन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालय-समूहात पन्नाशीच्या आतले पाच जण मोठी वाहिनी बंद पडून आले. पाचही कोविड पॉझिटिव्ह, वयं ३३ ते ४९. आधीच्या वर्षभरात त्यांच्याकडे या वयाचे असे पेशंट दर दोन आठवड्यांना सरासरी एकसुद्धा येत नव्हते. त्यातली ३३ वर्षांची बाई बोलणं अडखळत असताना, डावा हात-पाय बधिर होत असताना २८ तास घरीच थांबली होती. दवाखान्यात गेलो तर कोविड होईल ही भीती. न्यूयॉर्क काय आणि जत काय, भीती तीच.

त्याच शहरातल्या दोन रुग्णालयांनी पुढे कोविड आणि फ्लूची तुलना केली. कोविडच्या १९१६ पेशंटांपैकी ३१ जणांना स्ट्रोक झाला होता. आधीच्या वर्षांतल्या फ्लूच्या १४८६ पेशंटांमध्ये फक्त तिघांना. हे सगळे दवाखान्यात यावं लागलेले पेशंट होते. घरी बसून बऱ्या झालेल्या माणसाने हे आकडे स्वतःला लावून घाबरायचं कारण नाही. पण शंभरात दीड-दोन हे प्रमाण वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी मोठं आहे.

माझ्या खोलीत तेव्हा काय चालायचं ते सांगतो, कारण उपचाराला उशीर बऱ्याचदा इथेच व्हायचा. स्ट्रोकचा पेशंट आला की एरवी कॅज्युअल्टीतून फोन येतो, टेबल रिकामं करून ठेवतो, पेशंट स्ट्रेचरवरून थेट गँट्रीत, म्हणजे सीटीच्या गोल तोंडात. कोविडमध्ये आधी आम्ही पीपीई किट चढवायचं, टेबलावर प्लास्टिक अंथरायचं, पेशंट गेल्यावर हायपोक्लोराइटने सगळं पुसायचं आणि खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबायचं. यात अर्धा-पाऊण तास सहज जायचा, आणि तोवर बाहेर पुढचा पेशंट ताटकळत असायचा. जगभर यावर तोडगा निघाला तो असा, की स्ट्रोकचा प्रत्येक पेशंट कोविडचाच समजून तयारी ठेवायची आणि रिपोर्टसाठी थांबायचं नाही. आमच्याकडेही सरांनी हाच नियम घातला. पण शेजारच्या भागातल्या एका ठिकाणी आरटीपीसीआरचा रिपोर्ट आल्याशिवाय सीटी करायचा नाही असं चालू होतं. तिथून रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आलेला एक पेशंट मला आठवतो. रिपोर्ट निगेटिव्ह होता आणि इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. त्याच्या मुलाच्या हातातला तो कागद पाहून मला जो राग आला होता तो अजून गेलेला नाही.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. स्ट्रोकमध्ये साध्या सीटीनंतर आम्ही अँजिओ काढतो. दंडाच्या शिरेत जाड सुई घालून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध सोडायचं आणि छातीतल्या महाधमनीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत वाहिन्यांचा फोटो घ्यायचा. या फोटोत खालच्या टोकाला फुप्फुसांचे शेंडेही येतात. एरवी तिकडे कुणी बारकाईने बघत नाही. पण २०२० पासून मॅडम वाहिनी बघून झाली की खिडकी (फोटोची उजेड-छाया) बदलून फुप्फुस बघायच्या, आणि कितीतरी वेळा त्या शेंड्यांवर काच धुरकट व्हावी तसे पांढुरके डाग असायचे. पेशंटला ना खोकला, ना ताप. म्हणजे लकवा हेच कोविडचं पहिलं लक्षण. आम्ही तिथूनच आयसीयूला फोन करायचो, कोविडकडच्या बाजूला बेड ठेवा.

इन्फेक्शन अंगात असताना गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं का, यावर सुरुवातीला डॉक्टरांतही कुजबुज होती. औषध देताना मुख्य भीती मेंदूत रक्तस्रावाची, आणि कोविडमध्ये रक्ताचं तंत्रच बिघडलेलं. पुढे जगभरातल्या तज्ज्ञांचा कल स्पष्ट झाला की इन्फेक्शन आहे एवढ्याच कारणाने इंजेक्शन नाकारू नये. एरवीचे नियम तेच लावायचे. प्लेटलेट लाखाच्या खाली नकोत, बीपी १८५/११० च्या आत आणायचं, शुगर बघायची, सीटीत रक्तस्राव नाही याची खात्री करायची.

अडचण यायची ती दुसरीकडून. कोविडच्या वॉर्डात दाखल असलेल्या बऱ्याच पेशंटना रक्त पातळ ठेवायला पोटावर हेपरिनची इंजेक्शनं चालू असायची. छोटा, प्रतिबंधक डोस असेल तर तेवढ्यावरून दार बंद होत नाही. पण पूर्ण डोस मागच्या २४ तासांत गेला असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देत नाहीत. मग उरते ती थ्रॉम्बेक्टॉमी. तिला कॅथलॅब, म्हणजे वाहिनीत तार घालायची खास खोली हवी, हात बसलेला डॉक्टर हवा आणि काही लाखांची तजवीज हवी. आमच्या भागात तेव्हा हे तिन्ही एका वेळी जुळणं अवघड होतं.

याच काळात टेनेक्टेप्लेजचा, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्याच दुसऱ्या इंजेक्शनचा वापर वाढला. अल्टेप्लेजचा थोडा भाग एकदम आणि बाकीचा तासभर सलाइनसारखा सोडावा लागतो. टेनेक्टेप्लेज एका दमात शिरेत देऊन मोकळं होता येतं. पीपीई घालून आत उभ्या असलेल्या सिस्टरच्या दृष्टीने हा फरक केवढा होता, हे त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आपल्याकडचं टेनेक्टेप्लेज पुण्याची जिनोव्हा कंपनी बनवते.

मग या पेशंटांचं पुढे होतं काय? पॅरिसमधल्या एका केंद्राने पहिल्या लाटेत मोठी वाहिनी बंद पडलेल्या दहा कोविड पेशंटांची हकीकत छापली. दहापैकी नऊ जणांची वाहिनी तारेने उघडली होती. कागदावर हे उत्तम यश. पण चौघांची वाहिनी लगेच पुन्हा बंद पडली आणि दहापैकी सहा जण दगावले. वाहिनी उघडली तरी रक्ताचा गोठण्याचा स्वभाव बदललेला नव्हता, फुप्फुसं साथ देत नव्हती.

दहा पेशंट म्हणजे फारच थोडे. त्यामुळे मी वाट बघत होतो ती मोठ्या आकड्यांची. ते २०२३ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात छापून आले. अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून १५,१२८ पेशंटांची माहिती गोळा केली होती. सगळ्यांना स्ट्रोकसाठी इंजेक्शन किंवा थ्रॉम्बेक्टॉमी, किंवा दोन्ही झालेलं, आणि त्यातले ८५३ कोविडचे. इतर फरकांचा हिशोब जुळवल्यावरही कोविडवाल्यांमध्ये मेंदूतल्या त्रासदायक रक्तस्रावाची शक्यता साधारण दीडपट निघाली, आणि तीन महिन्यांत मृत्यूची शक्यता दुपटीच्या जवळ. पहिल्या २४ तासांतल्या मृत्यूची तर त्याहून जास्त.

हे आकडे बघून एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, मग द्यायचंच कशाला? माझं शिक्षण सीटी टेक्निशियनचं, सल्ला द्यायचा माझा अधिकार नाही. पण पेपर मी नीट वाचला होता. या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्या कोविड पेशंटांची तुलना इंजेक्शन घेतलेल्या बिगर-कोविड पेशंटांशी केलेली आहे. इंजेक्शन न घेतलेले कोविड पेशंट त्यात नाहीतच. त्यामुळे त्यावरून एवढंच कळतं की इन्फेक्शन असलेला पेशंट मुळात जास्त संकटात असतो आणि त्याच्याकडे जास्त लक्ष लागतं. उपचारामुळे नुकसान झालं असं त्यातून निघत नाही, आणि लिहिणाऱ्यांनीही तसं म्हटलेलं नाही. हा फरक न समजता कुणी एखाद्याला इंजेक्शन नाकारलं तर ते फार मोठं पाप होईल.

तासगावकडच्या एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहेत. चाळिशीतल्या. घरातच वरच्या खोलीत आयसोलेशनमध्ये होत्या, जेवणाचं ताट दाराशी ठेवलं जायचं. सकाळी खालून मुलीने फोन केला, चहा पाठवू का म्हणून. आई दोन वाक्यं नीट बोलली आणि तिसऱ्या वाक्यापासून शब्द उलटसुलट यायला लागले. चहाला चादर म्हणाली. मुलगी तशीच मास्क लावून वर धावली. आईच्या उजव्या हातातून फोन गळून पडला होता. कॅज्युअल्टीत सरांनी वेळ विचारल्यावर मुलीने मोबाइल पुढे केला. कॉल ६ वाजून ४२ मिनिटांनी लागलेला होता आणि तेव्हा आई नीट बोलत होती. स्ट्रोकची इतकी पक्की वेळ आम्हाला क्वचित मिळते.

साध्या सीटीत रक्तस्राव नव्हता. डाव्या बाजूची मधली वाहिनी मात्र एका ठिकाणी पांढरी, ठसठशीत दिसत होती, तीच गुठळी. साडेआठला इंजेक्शन गेलं. संध्याकाळपर्यंत हाताची बोटं हलायला लागली. दुसऱ्या दिवशी, २४ तासांनी, नियमाप्रमाणे पुन्हा सीटी केला. ॲस्पिरिन सुरू करण्याआधी तो करावाच लागतो. त्यात मेंदूच्या दुखावलेल्या भागाच्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके होते. मॅडमनी दोनदा मोजले. सरांनी ॲस्पिरिन पुढे ढकललं, बीपी घट्ट धरलं, आणखी एक सीटी केला. ठिपके वाढले नाहीत. मधे ऑक्सिजन खाली गेला, चार रात्री मास्कवर काढल्या. घरी जाताना त्या चालत गेल्या. बोलणं यायला काही महिने लागले. स्पीच थेरपीच्या बाई व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून भाज्यांची नावं घोकून घ्यायच्या. पुढच्या हंगामात द्राक्षबागेच्या मजुरांच्या पगाराची वही त्यांनी परत हातात घेतली. अजून घाईत बोलायला गेल्या की शब्द अडकतो.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वॉर्डात एकट्या पडलेल्या पेशंटांचं. एरवी दवाखान्यात पेशंटजवळ कुणीतरी घरचं असतं. "बाबा असं का बोलताहेत?" हे पहिल्यांदा त्यालाच कळतं. कोविडच्या वॉर्डात ते माणूसच नव्हतं. व्हेंटिलेटरवर गुंगीत ठेवलेल्या पेशंटचा अर्धा मेंदू गेला तरी गुंगी उतरवेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. आमच्या इथल्या एका सिस्टरनी तापमान-ऑक्सिजनच्या तक्त्यातच शेवटी एक रकाना वाढवला होता. जाग्या असलेल्या प्रत्येक पेशंटला राउंडला हसायला लावायचं, दोन्ही हात पुढे धरायला लावायचे आणि वेळ टाकून टिक करायची. त्यासाठी ना पैसे लागले ना मशीन. त्या रकान्यामुळे निदान दोघांची वेळ सापडली.

दुसऱ्या लाटेच्या शेवटी म्युकर आला. स्टिरॉइड आणि वाढलेली शुगर यांच्या आधाराने ती बुरशी नाकाच्या पोकळ्यांत शिरायची, डोळ्यामागे जायची आणि तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या भिंतीतच घुसायची. त्या पेशंटांचे स्ट्रोक वेगळे होते. डोळा सुजलेला, गाल बधिर, आणि मग एका बाजूचे हातपाय गेलेले. तिथे गुठळीवरचं इंजेक्शन काय करणार? त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

कोविडचा जोर ओसरला, पण पावसाळ्यात आणि थंडीत फ्लू दरवर्षी येतो. एच-वन-एन-वन काय, एच-थ्री-एन-टू काय, आमच्याकडे छातीच्या फोटोंची रांग लागते आणि त्यात एखादा तरी असा निघतो ज्याचं दुखणं छातीपुरतं राहिलेलं नाही. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, बीपी-शुगर असेल, आधी एकदा झटका येऊन गेला असेल, तर फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तापात बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. जेवण जात नाही म्हणून गोळ्याही सोडल्या, असं सांगणारे नातेवाईक मला फार भेटतात.

तापाच्या माणसाला दिवसातून दोन-तीनदा मास्क काढून हसायला सांगा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एखादं साधं वाक्य म्हणून घ्या. एक बाजू मागे पडली तर घड्याळ बघा आणि शेवटचं नीट कधी बोलले होते ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठतानाच तसं दिसलं, तर झोपायला गेले ती वेळ. अजूनही आमच्याकडे काही गावांत अंगावरून वारं गेलं म्हणून पारव्याचं रक्त चोळत बसतात. पोटतिडकीने सांगतो, तो वेळ पेशंटच्या मेंदूतून वजा होतो. १०८ ला फोन करताना ताप आहे हे नंतर सांगा. आधी सांगा की तोंड वाकडं झालंय, हात गेलाय, अमुक वाजता झालंय, आणि जिथे सीटी चोवीस तास चालू असतो तिथेच न्या. जाताना चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाका, आणि मागच्या दोन दिवसांत रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा गोळी घेतली असेल तर ते न विचारता सांगा. गिळताना ठसका लागू शकतो म्हणून तोंडाने पाणी, चहा, काही देऊ नका. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून घरातली ॲस्पिरिन सीटीच्या आधी देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्त फुटलंय हे बाहेरून बघून कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही.